दट्ट्या सावकाश दाबायचा

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज पाण्याचा दिवस. पहाटे टाकी भरून घेतली. मंडईतून मेथी, वांगी आणली. दुपारी बसूचं पुण्याहून आलेलं शेवटचं खोकं उघडलं. सप्टेंबरात तो गेला तेव्हापासून ते जिन्याखाली तसंच होतं.

आत चार पुस्तकं, एक चार्जर, आणि टॉवेलात गुंडाळलेला कॉफीचा प्रेस. काचेचं उभट भांडं, झाकणातून दांडी, दांडीला जाळीचा दट्ट्या. सोबत कॉफीच्या बियांचं पाकीट, न फोडलेलं. लग्न झाल्यापासून दर रविवारी तो चंद्रिकेला यातच कॉफी करून द्यायचा. मी पुण्याला गेलो की बघायचो. सून बसलेली आणि मुलगा ओट्यापाशी. मला आवडायचं ते. बोललो मात्र कधी नाही.

चंद्रिकेनं खोक्यात पाहिलं आणि आत गेली. इथं आल्यापासून ती चहाच घेते.

५ फेब्रुवारी, बुधवार

चंद्रिकेच्या कंपनीचा फोन. घरून काम आता बंद. ३ मार्चपासून पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. वीस तारखेपर्यंत कळवा म्हणाले.

जेवताना म्हणाली, "अप्पा, मी राजीनामा देते."

मी म्हणालो, कशाला?

"मी गेले तर तुम्ही बोलणार कोणाशी? आई गेल्या तेव्हा तुम्ही सहा महिने संध्याकाळचा दिवासुद्धा लावत नव्हता. बसूनं सांगितलंय मला."

खरंच होतं. दानम्मा गेल्यावर मी अंधारातच बसायचो.

पण हिनं नोकरी सोडायची नाही. एवढं आज ठरवलं. तिला नुसतं 'जा' म्हणून ती जाणार नाही, हेही कळतं.

६ फेब्रुवारी

प्रेस राखेनं घासला. जाळी सुटी करून धुतली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिला प्रयत्न. फजिती!

बिया कुटायच्या होत्या. मिक्सरला लावल्या तर धूळ होईल, जाळी तुंबेल, एवढा अंदाज होता. सूत कारखान्यात रंगखात्याचा मास्तर म्हणून तीस वर्षं गाळण्या बघितल्या आहेत. म्हणून लोखंडी खलबत्ता काढला आणि जाडसर कुटलं. बेताचं झालं होतं, गव्हाच्या रव्यासारखं. पाणी उकळलं, ओतलं, थोडं थांबलो, दट्ट्या दाबला. दोन कप भरले. एक चंद्रिकेपुढे ठेवला. ती उठून उभी राहिली. सासऱ्यानं आणून दिलेला कप बसून कसा घ्यायचा, म्हणून. मी म्हणालो, बस, बस.

तिनं कप तोंडाजवळ नेला आणि थांबली. पुन्हा वास घेतला.

"अप्पा, कुटलं कशात?"

खलबत्त्यात.

"शेंगाचटणीच्या?"

मग माझ्या लक्षात आलं. दर आठवड्याला त्यातच शेंगदाणे, लसूण, तिखट कुटतो. त्या लोखंडात आता लसूणच भरलेला आहे.

"ही कॉफी नाही अप्पा. हिच्यात भाकरी चुरून खायची."

आणि हसली. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलेपर्यंत हसली. बसू गेल्यापासून या घरात कोणी हसलं नव्हतं. मग उठून आत गेली. बराच वेळ नळ चालू होता.

बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, "उद्या पाट्यावर वाटू नका म्हणजे झालं."

उद्या! म्हणजे उद्या करायची आहे.

८ फेब्रुवारी

हाताने फिरवायची छोटी चक्की मोबाईलवरून मागवली. मागवणं स्वतः केलं. चंद्रिका बाजूला बसून फक्त बघत होती. "अप्पा, पत्ता बरोबर टाकलात की!" म्हणाली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चक्की आली. आज लसणाचा वास नाही. पण तोंडात भुकटी आली आणि चव करपट. चंद्रिका कप संपवून म्हणाली, "चांगली आहे." खोटं बोलता येत नाही तिला.

संध्याकाळी बसून विचार केला. कारखान्यात नवीन पोरं घाई करायची. रंगाचं पाणी उकळतं असतानाच सूत सोडायची आणि डागी माल काढायची. मी ओरडायचो. आधी पाणी उतरू दे, सूत भिजू दे, मग चढव. आणि इथं मी काय केलं? खळखळतं पाणी थेट ओतलं. वर दट्ट्या सायकलच्या पंपासारखा दाबला. गाळ वर येणारच.

१२ फेब्रुवारी

पाणी उकळून खाली उतरवलं. आवाज बंद होऊ दिला. थोडंसंच पाणी घालून पूड आधी भिजवली. ती फुगली, वर फेस आला. बघत राहावं असं दिसतं. मग उरलेलं पाणी. एकदा चमच्यानं हलवलं, झाकण ठेवलं, आणि हात लावला नाही. वर आलेली पूड गाळासारखी आपोआप खाली बसू लागते. तेव्हाच दट्ट्या. तोही नुसत्या हाताच्या वजनानं. अडला तर जोर करायचा नाही, थांबायचं.

गाळ आला नाही. खिडकीत कप धरून पाहिला. स्वच्छ तांबूस काळा. असा रंग मशीनमधून निघाला की मालकाला बोलवायचो.

चंद्रिकेनं दुसरा कप मागितला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जुनी सवय गेली नाही. पांढऱ्या टॉवेलाची एक चिंधी घेतो, कॉफीत बुडवून वाळवतो. कारखान्यात नमुना असाच ठेवायचो, पुढचा माल त्याच्याशी ताडून बघायला. ओट्याच्या वरच्या दोरीवर तीन चिंध्या झाल्या. चंद्रिकेला विचारलं, बसूची यातली कुठली? तिनं जवळ जाऊन पाहिल्या. तिसरीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "याच्यापेक्षा अजून थोडी दाट. पण ही जवळची आहे."

उद्या पूड अर्धा चमचा जास्त.

१५ फेब्रुवारी

"हीच," म्हणाली. एवढंच. कप दोन्ही हातांत धरून बसली. आज उभी राहिली नाही.

मी चिंधी दोरीला लावली. बाकीच्या काढून टाकल्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

अक्कलकोटहून गंगम्मा अक्का आली. माझी थोरली बहीण, अजून मला 'तम्मा'च म्हणते. माझ्या हातात ट्रे आणि चंद्रिका खुर्चीत, हे पाहून दारातच थांबली.

"तम्मा, हे काय चाललंय? सासरा कापी करतोय आणि सून बसून पितेय? आपल्या बापानं बघितलं असतं तर?"

त्यांनाही दिली असती, म्हणालो.

"लई बोलायला लागलास की."

तिला एक कप दिला. घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "काढा हाय का हे? ताप आल्यागत वाटतंय." तीन चमचे साखर घालून मात्र सगळी प्याली.

मग मुद्द्यावर आली. चंद्रिका स्वयंपाकघरात होती, तिला ऐकू जाईल असं बोलली. "वर्ष होऊ दे. वर्षाच्या आत तिनं उंबरा ओलांडायचा नाही. लोक म्हणतील, नवरा गेला अन् ही निघाली पुण्याला."

मी मोठ्या बहिणीपुढे कधी बोललो नाही. आज बोललो. म्हणालो, अक्का, बसू असता तर ती सोमवारी ऑफिसला गेली असती. तो नाही म्हणून तिची नोकरी पण जायची का? लोकांना काय म्हणायचं ते माझ्याकडे येऊन म्हणू देत.

"आणि तुझं कोण बघणार?"

मी माझं बघतो. सकाळी चक्की फिरवायची असते, पाणी बघायचं असतं. मला वेळ कुठं आहे.

अक्कानं जाताना चंद्रिकेच्या डोक्यावर हात ठेवला. "हा येडा झालाय कापीपायी," म्हणाली. हसत होती पण.

आवाज चढवावा लागला नाही, तरी म्हणायचं ते सगळं म्हणून झालं. बरं वाटलं.

१८ फेब्रुवारी

बिया संपल्या. नवीन मागवल्या. पाकिटावर 'मध्यम भाजलेल्या' असं बघून घेतलं. शेजारच्या गुरप्पांना बोलावून कॉफी पाजली. जाळी कशी सुटी होते तेही दाखवलं. चंद्रिका आतून ऐकत होती. गुरप्पा म्हणाले, "मास्तर, रिटायर झाल्यावर धंदा सापडला की तुम्हाला."

१९ फेब्रुवारी

चंद्रिकेची मीटिंग चालू होती, बसूच्या खोलीत. दार अर्धं उघडं. कप ठेवायला गेलो. इंग्रजीत बोलत होती, भरभर, कुणाची तरी चूक समजावून सांगत होती. न ओरडता. समोरचा 'यस मॅम, यस मॅम' करत होता. कप टेबलावर ठेवला. तिनं बोलता बोलताच मान हलवली.

बाहेर येऊन उगीचच अंगण झाडलं. बसूनं बायको स्वतः निवडली होती. मी तेव्हा विचारलं होतं, टेंभुर्णीची मुलगी पुण्यात टिकेल का? काय विचारलं मी!

२० फेब्रुवारी, गुरुवार

कळवलं तिनं. जाणार आहे.

मला सांगायच्या आधी तिच्या आईला फोनवर सांगत होती, ते कानावर आलं. "नाही गं, आता काळजी नाही. अप्पांना कॉफीचा नाद लागलाय. दिवसभर त्यातच असतात. ते रमतील."

रमतील म्हणाली. मी पायरीवर बसून ऐकत होतो. कारखान्यात उत्कृष्ट मास्तर म्हणून शाल दिली होती, तेव्हाही एवढं बरं वाटलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी

तिची बॅग. शेंगाचटणी, कडक भाकऱ्या, एक चादर. प्रेस कागदात बांधून वर ठेवला, तर तिनं काढून परत ओट्यावर ठेवला. "हा तुमचा आहे अप्पा. मी दुसरा घेईन. तुम्हाला सकाळी करमायचं नाही त्याच्याशिवाय."

मी घेतला.

२८ फेब्रुवारी

पाणी आलं. दोघांनी मिळून भरलं.

१ मार्च, शनिवार

पहाटेच्या गाडीनं गेली. निघायच्या आधी कॉफी केली. ठरलेला रंग, गाळ अजिबात नाही. स्टेशनवर वाकून पाया पडली. मी म्हणालो, काम नीट कर. गाडी हलली तशी तिनं खिडकीतून हातानंच दाखवलं, दट्ट्या सावकाश दाबल्यासारखं.

दिवेलागणीला दोन्ही खोल्यांतले दिवे लावले.

२ मार्च, रविवार

सकाळी तिचा फोन. "अप्पा, कॉफी झाली का?" झाली, म्हणालो.

मला कॉफी आवडत नाही. पहिल्या दिवसापासून आवडली नाही.

फोन ठेवल्यावर आलं किसलं आणि चहा टाकला. साखर नेहमीपेक्षा जास्त घातली. ओट्यापाशी उभ्यानंच प्यालो.