पहिल्या पाळीचा नाश्ता

मोशी,
१२ मे २०२५

ती. जयमाला आक्कास,
गणराजचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही बरे आहोत. भाऊजींचा गुडघा कसा आहे? लातूरला दाखवा म्हणालो होतो, दाखवलात का? दिव्या नाशिकला हॉस्टेलवर मजेत आहे. फोन करते तो फक्त आईला, बापाची चौकशी आईकडूनच होते.

पत्र बघून तू म्हणशील, ह्याचा फोन मोडला की काय. फोन धडका आहे. पण तू कानाचं मशीन डब्यात जपून ठेवतेस, त्यामुळे तुझ्याशी ओरडून बोलावं लागतं, आणि मला जे सांगायचंय ते ओरडण्यासारखं नाही. फ्लॅटच्या भिंती पातळ आहेत.

विषय विजयश्रीचा आहे. घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. जरा जास्तच आहे, आणि तोच विषय आहे.

गेल्या महिन्यापासून तिने सकाळी ओट्स करायला घेतलेत. ओट्स म्हणजे एक चपटं केलेलं धान्य, दुधात शिजवलं की लापशीसारखं होतं. नुसतं तेवढंच असतं तर मी गप्प बसलो असतो. पण ही त्यात रोज नवं फळ घालते. एक दिवस आंब्याचा रस आणि वेलची. दुसऱ्या दिवशी चिकू आणि खजूर. मग अननस, वर भाजलेलं खोबरं. परवा पपई, त्यावर लिंबू पिळलेलं आणि चिमूटभर मीठ. कलिंगडाचंही केलं होतं, ते पाणी सुटून फसलं, आणि फसलं याचं तिला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. समोर बसून विचारते, गोड जास्त झालं का, खजूर दाताखाली येतोय का. मी जे सांगतो ते मान हलवत ऐकते. लग्नाला एवढी वर्षं झाली, माझं मत तिने इतकं मन लावून कधी ऐकलं नव्हतं.

तू म्हणशील, बायको खायला घालते आणि हा तक्रार करतो. पण आक्का, माझा जन्म माल तपासण्यात गेला. चकचकीत पार्ट हातात आला की मी तो आधी उजेडात धरतो. आता तूच बघ. पहिल्या पाळीला मी उजाडायच्या आत निघतो. इतक्या वर्षांत विजयश्रीने त्या वेळी मला कपभर चहापलीकडे काही दिलं नाही, मीही मागितलं नाही. घरचा नाश्ता म्हणजे गुरुवारी, सुट्टीला. मुरमुऱ्यांचा सुशीला नाहीतर धपाटे. मग आताच हा पुळका कशाचा? माझ्याआधी उठते. मी स्वयंपाकघरात गेलो की फोन ओट्यावर पालथा होतो. वरच्या मजल्यावर मिनल म्हणून एक बाई आहे, तिच्याशी जिन्यात कुजबुज चालते आणि मला बघून दोघी गप्प होतात. आणि बाटल्या. रुंद तोंडाच्या, काचेच्या, सिंकखाली ओळीने ठेवलेल्या. लोणच्याच्या आहेत म्हणाली. घरात कैरी आलेली नाही.

खातो मी. खोटं कशाला बोलू, चव चांगली असते, वाटी पुसून खातो. पण प्रत्येक घासाला वाटतं, कारण नसताना माणूस एवढं गोड वागतो तेव्हा त्याला एक तर आपल्याकडून काहीतरी हवं असतं, नाहीतर त्याने आपल्याशी काहीतरी केलेलं असतं.

ही मुलगी तू पसंत केलीस. तुझ्याशी काही बोलली असेल तर लिही. तिला मात्र कळू देऊ नकोस.

तुझा धाकटा,
गणराज

ता. क. कंपनीचं विचारलं होतंस. ठीक चाललंय. कंपनीची बस सोडली, हल्ली गाडीनेच जातो.


मोशी,
३० मे २०२५

ती. आक्कास सा. न.

तुझं उत्तर मिळालं. बायको प्रेमाने घालते तर खा आणि गप्प बस, असं तू लिहिलंस. बसलो होतो. पण मंगळवारी जे पाहिलं त्यानंतर बसवत नाही.

मंगळवारी सकाळी मी निगडीच्या बसस्टँडवर होतो. मोशीकडून बस आली आणि तिच्यातून विजयश्री उतरली. अंगावर मोरपंखी ड्रेस, जो मी आजवर पाहिलेला नाही. दोन्ही हातांत जड पिशव्या, आणि त्या खाली टेकवताना काचेचा आवाज आला. मी पेपर तोंडासमोर धरला. नवरा बायकोला बघून पेपरमागे लपतो, काय म्हणावं याला. ती रावेतच्या बसमध्ये चढली. मी गाडी काढली आणि बसच्या मागे लागलो.

रावेतला उंच इमारती आहेत, खाली चकाचक दुकानं. तिथे एक जण तिची वाट बघत उभा होता. तरुण, दंड फुगवलेला, बिनबाह्यांचा बनियन. त्याने पिशव्या घेतल्या, काहीतरी बोलला, आणि विजयश्री हसली. तोंडाला पदर लावून नाही, मोकळी हसली. दोघं आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा पिशव्या हलक्या होत्या, आणि त्याने तिला पांढऱ्या गाडीतून बसस्टॉपवर सोडलं. संध्याकाळी मी विचारलं, दिवसभर काय केलं? म्हणाली, काय करणार, घरीच होते.

घरीच होते म्हणाली, आक्का. डोळ्याला डोळा भिडवून.

आता तू विचारशील, पहिली पाळी सोडून तू निगडीला काय करत होतास? वर खोडलेलं दिसत असेल, तिथे मी 'कामानिमित्त' असं लिहिलं होतं. तुला खोटं लिहायला हात धजला नाही.

मला काम राहिलेलं नाही. एप्रिलमध्ये आमची लाइन बंद झाली. ज्या गाडीचे पार्ट आम्ही करायचो ते मॉडेलच थांबलं. तरण्या पोरांना दुसरीकडे घेतलं, आमच्या वयाच्यांना हात जोडले. तेव्हापासून मी रोज युनिफॉर्म घालून घरातून निघतो. चाकणची, म्हाळुंग्याची गेटं फिरतो. कुठे वॉचमन वय विचारतो, कुठे तेही विचारत नाही. मग निगडीला येऊन बसतो, कारण तिथे मोशीचं कुणी भेटणार नाही असं मला वाटायचं. पाळी सुटायच्या वेळेला घरी जातो आणि दमल्यासारखं दाखवतो. दाखवावं लागत नाही म्हणा.

विजयश्रीला हे कळता कामा नये. काम गेलं हे एक वेळ सांगता येईल. पण ते गेल्यावरही मी तिच्यादेखत रोज युनिफॉर्मची बटणं लावली, हे कुठल्या तोंडाने सांगू? पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. प्रत्येक दिवसाने ते आणखी जड होत गेलं. गावाकडून आलो तेव्हा आमच्याकडे काही नव्हतं, पण ती माझ्यावर डोळे मिटून विसंबली होती. त्या घरात मी खोटारडा ठरलो तर मला दुसरं घर नाही.

आणि आता हे रावेत. मला वाटतं तिला कुणकुण लागलीय आणि तिने आपली वेगळी वाट धरलीय. ओट्स, फळं, ते गोड बोलणं, सगळं मला गुंगवायला. जाब तरी कसा विचारू? तू रावेतला का गेली होतीस म्हटलं, की तुम्ही तिथे कसे, हे आलंच. सकाळी ती वाटी पुढे ठेवते आणि मी खातो. आज अंजीर होतं. नको वाटत होतं, तरी संपवलं.

लगेच लिही. मला दुसरं कुणी नाही.

गणराज


मोशी,
१४ जून २०२५

प्रिय आक्का,
नमस्कार.

तू लिहिलंस, आधी स्वतःचं सांग, मग तिचं विचार. मी नेमकं उलटं केलं.

गुरुवारची गोष्ट. नसलेल्या कामाची सुट्टीसुद्धा मी पाळतो. तिने जांभळाचे ओट्स केले होते, वाटी जांभळीशार. चव विचारायला समोर बसली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "रावेतला कोण आहे?"

तिने चमचा खाली ठेवला. मी तिथे कसा, हे ती विचारणार म्हणून मी अर्ध्या दिवसाच्या रजेची थाप तयार ठेवली होती. तिने विचारलंच नाही.

तिने सरळ सांगितलं. तो प्रज्वल, रावेतला जिम चालवतो, दिव्यापेक्षा जरासा मोठा, हिला काकू म्हणतो. मिनल त्याच्याकडे व्यायामाला जाते, तिने ओळख करून दिली. व्यायाम करून आलेल्या पोरापोरींना विजयश्री बाटल्यांतून फळांचे ओट्स देते. कुठलं फळ जमलं, कुठलं फसलं, हे आधी माझ्यावर तपासून बघायची. म्हणून ती चौकशी. मोरपंखी ड्रेस मिनलचा, मागून आणलेला.

मी विचारलं, यात लपवण्यासारखं काय होतं? तर म्हणाली, "मी काम धरलं म्हटलं असतं, तर कशाला धरलं हे आलं असतं. मग तुमचं उघडं पडलं असतं."

"माझं काय?"

"एप्रिलपासून माहीत आहे मला."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. पहिल्या दिवशी मिनलने ओट्सचं पाकीट दिलं होतं म्हणून केले. तुमच्यापुढं वाटी ठेवली ती चेष्टेनं. वाटलं, म्हणाल, नको, कॅन्टीनला नाश्ता आहे. तुम्ही बसलात आणि खाल्लं. वाटीची कड खरवडून खाल्लं. कॅन्टीनचा नाश्ता सोडून घरी पोट भरून निघणारा पहिल्या पाळीचा माणूस या बिल्डिंगमध्ये मला एक दाखवा."

आक्का, तुला हे गावी कळणार नाही. इकडे पहिल्या पाळीला कंपनी खाऊ घालते, पोहे, उपमा, कधी मिसळ. घरून खाऊन आलेल्या माणसाची लाइनवर चेष्टा होते. मोशीतल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे, म्हणून तर इतकी वर्षं मला नुसता चहा मिळायचा. ही खोट मी तिच्यात शोधत बसलो होतो. पण नको न म्हणता खाल्लं होतं ते मीच. दुपारपर्यंत स्टँडवर पोटात कावळे ओरडणार हे ठाऊक होतं, म्हणून वाटी समोर आली की तुटून पडायचो.

मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. सांगणं तुमचं होतं, मी कसं हिसकावून घेऊ? उपाशी फिरू नये एवढं बघत होते. रोज तेच दिलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, म्हणून फळं बदलली." मग जरा थांबून म्हणाली, "मी तुमचं रोज झाकत होते. आणि तुम्ही माझ्या मागावर आलात."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. तिने माझी अर्धी राहिलेली वाटी उचलून नेली आणि दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलली.

काल शुक्रवार. सकाळी उठलो तर ओट्यावर बाटल्या उघड्या मांडलेल्या, आता लपवायचं काही नव्हतं. युनिफॉर्म इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला. तिने माझ्यापुढे चहा ठेवला. नुसता चहा, कामाला निघालेल्या माणसाला देतात तसा. आणि पाठ फिरवून उभी राहिली. मी तो पिऊन, बटणं लावून निघून गेलो असतो तरी तिने अडवलं नसतं. तेवढी वाट तिने अजूनही मोकळी ठेवली होती, हे बघून मला माझीच लाज वाटली.

मी म्हणालो, "विजयश्री, माझं काम गेलंय. मला कुठं जायचं नाही. आणि मला भूक लागलीय."

ती वळली नाही. ठाऊकच होतं तिला, तरी खांदे हलले. मग पदराने तोंड पुसून तिने चिरायची फळी आणि सुरी माझ्यासमोर सरकवली, चार आंबे ठेवले. म्हणाली, "हे आधी चिरा. बाटल्या भरल्या की मग आपलं बघू."

मी चिरले. फोडी मोठ्या झाल्या म्हणून तिने अर्ध्या परत माझ्याकडे ढकलल्या.

नंतर गाडीवरून तिला आणि पिशव्यांना मीच रावेतला नेलं. प्रज्वल भला मुलगा आहे, उगाच त्याच्या दंडांना नावं ठेवली. त्याने सहज विचारलं, काका कुठल्या कंपनीत? विजयश्री रस्त्याकडे बघत राहिली, मला सोडवायला मध्ये पडली नाही. मी म्हणालो, होतो चाकणला, आता नाही. आक्का, एवढं साधं वाक्य, आणि ते म्हणायला एप्रिलपासून जून उजाडला.

चाकणची गेटं मी सोडलेली नाहीत, सोमवारी पुन्हा जाणार आहे. पण सांगून जाणार आहे. विजयश्री अजून मोकळी बोलत नाही. काय आणि किती दिवसांनी बोलेल ते तिच्यावर आहे, मला घाई करण्याचा हक्क नाही.

एक काम कर. माझी आधीची दोन पत्रं फाडून टाक असं लिहिणार होतो. फाडू नकोस. तिच्याबद्दल तुला काय काय लिहिलं ते मी तिला सांगायला बसलो आणि अर्ध्यावर थांबलो, पुढचं बोलवेना. दिवाळीला विजयश्री तुझ्याकडे येईल तेव्हा ही पत्रं मागणार आहे. तिच्या हातात दे. मी त्या वेळी शेजारीच बसलेला असेन.

तुझा,
गणराज