आतोबांच्या शेडमधलं पाणी जातं कुठे?

ती. स्व. ओडेसा आत्यास,

वेंडेलचा वाकून नमस्कार. (पुरता वाकता येत नाही, कमरेत उसण भरली आहे. ती का भरली ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? क्लीव्हलँडच्या थंडीत तो फार दुखत असणार, कारण इथे अलाबामात तो नुसते जिने बघितले तरी दुखायचा. तू जिच्याकडे राहायला गेलीस ती लोरेटाताई मक्याच्या पावात अजून साखर घालते का? घालत असेल तर माझ्या वतीने तिला दोन शब्द सुनाव. इकडे सगळे बरे आहेत. ओसरीवरच्या तुझ्या खुर्चीवर मांजराशिवाय कोणी बसत नाही, आणि तू कधीही येशील असं मी मांजरालाही बजावून ठेवलं आहे.

तळ्याबद्दल या पत्रात काहीही लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे. तळं म्हटलं की तुझा रक्तदाब चढतो. शेजारच्या व्हर्बीनाबाईंच्या धुण्याच्या मशीनचा साबण आपल्या घरामागच्या तळ्यात उतरतो, त्यानेच मासे मेले, आणि ती बाई चारचौघांत हे कबूल करेपर्यंत मी या अंगणात पाय ठेवणार नाही, असं म्हणून तू बॅग भरलीस. जिच्याबरोबर जन्मभर चर्चमध्ये एका बाकावर बसून गायलीस, तिच्याकडे मान वळवूनही न बघता गाडीत बसलीस. तेव्हापासून आपल्या गाण्यातला खालचा सूर गेला आहे. वरचा एकटाच भटकतो आणि दर रविवारी ऐकणाऱ्यांना चुकल्यासारखं होतं. असो. तळ्याबद्दल लिहायचं नाही.

तर मी मोबील शहरात जाऊन एक शिक्षण घेऊन आलो. हसू नकोस. आतोबांच्या मागे त्यांचं प्रेशर वॉशर मी चालवायला घेतलं, तेव्हा मला वाटायचं की आपला धंदा म्हणजे घाण घालवणं. तिथल्या मास्तरीणबाईंनी उभ्या उभ्याच विचारलं, “घालवली म्हणजे कुठे घालवली?” आत्या, खरं सांग, हा प्रश्न तुला कधी पडला होता का? मला तर आयुष्यात पडला नव्हता. रस्त्याकडेच्या जाळीत गेलेलं पाणी कुठेही साफ होत नाही, ते तसंच्या तसं ओढ्यात आणि ओढ्यातून खाडीत जातं. घरातल्या मोरीचं पाणी तेवढं ड्रेनेजमधून साफ व्हायला जातं. म्हणून धुतलेलं पाणी जाळीपर्यंत पोचूच द्यायचं नाही. रबराचे बांध घालून अडवायचं, व्हॅक्यूमने ओढून टाकीत भरायचं, त्यातलं तेल गाळून घ्यायचं, आणि मग ड्रेनेज खात्याच्या परवानगीने योग्य त्या मोरीत सोडायचं. हे कळल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. कुठेही गेलो की आधी जाळी शोधतो. परवा एका मयताला गेलो होतो, तिथे प्रार्थना चालू असताना मी पाद्री लेम्युएलना हळूच विचारलं की तुमच्या पायरीजवळची जाळी कुठे उतरते. त्यांनी माझ्यासाठीही थोडी प्रार्थना केली.

पहिलं काम चर्चचंच निघालं. चर्चच्या अंगणात सगळ्यांसाठी मासे तळायच्या दिवशी तेलाची कढई गाड्या लावायच्या जागेवर कलंडली होती. मी बांध घातले, जाळ्यांवर जड रबरी झाकणं टाकली (उसण तिथे भरली) आणि गरम पाण्याने धुवायला लागलो. निम्मं चर्च खुर्च्या टाकून बघायला बसलं. मी काळं पाणी ओढून टाकीत भरतोय म्हटल्यावर कोणीतरी ओरडलं, “वेंडेल, घरी नेऊन त्याचं सूप करणार आहेस का रे?” व्हर्बीनाबाई म्हणाल्या, “तुझे आतोबा एवढ्या वेळात धुवून, घरी जाऊन, जेवून झोपलेसुद्धा असते.” मी विचारलं, “मग त्यांचं पाणी कुठे जायचं हो?” बाईंनी आतोबांच्या शेडच्या दिशेने एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, “मला कशाला विचारतोस? मी तर धुणं धुणारी बाई.”

आता टाकीभर पाणी माझ्या गळ्यात. आतोबा शेडमध्ये ज्या मोरीवर गाडी, पिंप, मशीन सगळं धूत, ती ड्रेनेजला जोडलेली आहे असं ते छातीठोकपणे सांगत. मोरीचा जमिनीखालचा नळ त्यांनी स्वतःच्या हाताने घातला होता. पण मी शिकलेला माणूस पडलो, खात्री केल्याशिवाय थेंबही सोडणार नाही. खात्री अशी करतात की मोरीत हिरवा रंग ओतायचा (निरुपद्रवी असतो, घाबरू नकोस) आणि तो कुठे निघतो ते बघायचं. शनिवारी दुपारी ड्रेनेज खात्याचा फेस्टस आला. तोच तो, चर्चच्या दारापर्यंत बायकोला सोडून बाहेर गाडीत झोपणारा. त्याने रस्त्यावरचं ड्रेनेजचं झाकण उघडलं आणि आत डोकं घालून बसला. मी रंग ओतला, वर पाणी ओतलं. “आलं का?” “नाही.” “आता?” “अरे, आलं तर सांगणार नाही का मी?” संध्याकाळपर्यंत काही आलं नाही. नळात गाळ साचला असेल, असा आम्ही दोघांनी निष्कर्ष काढला. रंग आपल्या चालीने पुढे सरकावा म्हणून मी मोरीवर पाण्याची बारीक धार सोडून ठेवली आणि विसरून गेलो.

आणि रविवारी फेस्टसचा बाप्तिस्मा होता. हो, त्याच फेस्टसचा! बायकोने इतकी वर्षं केलेल्या प्रार्थनांना यश आलं. बाप्तिस्मा अर्थात तळ्यात. (तळ्याबद्दल लिहायचं नव्हतं, पण बाप्तिस्मा दुसरीकडे कुठे करणार?) पाद्रीबुवा पांढऱ्या झग्यात कमरेएवढ्या पाण्यात उभे, फेस्टस पांढऱ्या झग्यात थरथरतोय, काठावर व्हर्बीनाबाई एकट्याच गातायत. पाद्रीबुवांनी त्याला बुडवलं आणि वर काढलं. फेस्टसने डोळे उघडले आणि आपल्या घराच्या बाजूच्या बोरूच्या बेटाकडे बोट दाखवून गळा फाडून ओरडला, “वेंडेल, आलं! अरे, इथे आलं!”

आलं होतं खरं. बोरूच्या आडून एका नळाच्या तोंडातून हिरवंगार पाणी येत होतं आणि पाद्रीबुवांच्या झग्याभोवती पसरत होतं. मी गाडीतलं रबरी बूच घेऊन अंगातल्या चर्चच्या पांढऱ्या झग्यासकट तळ्यात उडी मारली आणि नळाचं तोंड बंद केलं. काम शिकवल्याप्रमाणे चोख झालं, पण माझाही झगा गेला. व्हर्बीनाबाईंचं गाणं थांबलं. त्यांची नजर नळावरून निघाली, बोरूतून, कुंपणावरून, चढावरून सरळ आतोबांच्या शेडपाशी जाऊन थांबली. सगळ्या चर्चच्या माना तिच्यामागोमाग वळल्या. मला मात्र रडू आलं, आत्या. त्या नळातून इतकी वर्षं कुठला कुठला साबण गेला असेल याचा मी विचार करत नाही, तूही करू नकोस. आतोबा लबाड नव्हते. नळ कुठे जातो हे त्यांनी मनाशी ठरवलं आणि पुन्हा कधी बघितलं नाही, एवढंच.

फेस्टस खूश आहे. बाप्तिस्माही झाला आणि तपासणीही, म्हणतो. बाकी विशेष काही नाही. गुडघ्याला जप.

तुझा भाचा,
वेंडेल

ता. क. पांढऱ्या सुती झग्यांवरचा हिरवा रंग कसा काढतात? तू कपड्यांचे डाग काढायला लिंबाबरोबर काय घालायचीस?

ता. क. २. वरचं मी उगाच विचारलं. ते झगे धुवायला व्हर्बीनाबाई कोणाला हातही लावू देत नाहीत. आपल्या दोरीवर वाळत घातले आहेत, हिरवेच. मी मागायला गेलो तर म्हणाल्या, “हे ओडेसा धुईल. माझ्या मशीनमध्ये. मी शेजारी खुर्ची टाकून बसणार.” मी विचारलं, ही शिक्षा आहे का? बाईंनी दोरीवरचा एक झगा सारखा केला. मग म्हणाल्या, “शिक्षा कसली मेल्या? एकटीने गाऊन गाऊन घसा गेला माझा. धुता धुता दोन गाणी तरी होतील.” चारचौघांत कबूल करायची तुझी अट आहे, ती मी विसरलेलो नाही. पण आता ती कोणी पाळायची हे तूच बघ. आत्या, घरी ये.

ता. क. ३. टाकीतलं पाणी कुठेतरी सोडायलाच हवं होतं. म्हणून व्हर्बीनाबाई बाजारात गेल्या असताना मी त्यांच्या मशीनमध्ये रंग टाकून बघितला. फेस्टस झाकणापाशी होता, त्याला तो लगेच दिसला. त्यांचं पाणी नीट ड्रेनेजमध्येच जातं, कायम तिथेच जात होतं. बाई बाजारातून आल्यावर त्यांच्या परवानगीने माझी टाकी त्यांच्याच मोरीतून रिकामी झाली. मात्र मशीन नंतर विसळून ठेवायचं माझ्या लक्षात राहिलं नाही आणि बाईंनी त्यात आपल्या ठेवणीतल्या पांढऱ्या चादरी घातल्या. आत्ता कुंपणापलीकडून माझ्या नावाने हाका चालू आहेत. मी ओसरीवर तुझ्या खुर्चीमागे बसून हे लिहितोय. उद्याच्याच बसने निघ. तू आलीस की दोघी मिळून मला बोला. खालचा सूर ऐकून फार दिवस झाले.