शंभरातले पाच गुण

प्रिय ठमे,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. विषय बदलण्यात तुझा हात कुणी धरणार नाही, म्हणून सरळ कागदच घेतलाय. दाढ आता ठणकत नाही. तुमच्या डॉक्टरांचा हात हलका आहे, तोंड मात्र अखंड चालू. तेच बरं झालं, नाहीतर मला हे कधी कळलंच नसतं.

मी तोंडात कापूस घेऊन आ वासून पडलेले आणि ते सांगत होते: कॉम्प्युटर सांभाळणारा प्रोग्रॅम तू परस्पर बंद केलास, त्याच आठवड्यात एका मेलमधून व्हायरस शिरला आणि पेशंटच्या सगळ्या नोंदी गेल्या. म्हणून तुला पुढच्या टेबलावरून उठवून आत अवजारं उकळायला बसवलंय. हा प्रोग्रॅम कुणाच्या सांगण्यावरून घेतला, असं विचारलं तर तू म्हणालीस म्हणे, "कुठंतरी वाचलं होतं." ठमे, ते कुठंतरी म्हणजे माझी यादी. त्याला पहिला नंबर मी दिला आणि मोठ्या तोऱ्यात यादी तुला पाठवलीही मीच.

आमचं काम तुला वरवर ठाऊक आहे. बारा प्रोग्रॅम, बारा सारखे कॉम्प्युटर. प्रत्येकावर तेच व्हायरस सोडायचे आणि कोण किती पकडतो ते मोजायचं. मग साध्या, निरुपद्रवी फायली उघडून कोण उगाच बोंब मारतो ते बघायचं. या खोट्या ओरडीला शंभरात पाच गुण, आणि ते पाच ठरवले मी. फायलीही घेतल्या त्या घरोघरी असतात तशा. पत्रं, फोटो, गाणी. दातांचे एक्स-रे माझ्या डोक्यातही आले नाहीत. आमच्या कॉम्प्युटरसमोर कुणी गाल धरून बसलेलं नसतं ना.

त्या दिवशी तू आत होतीस तेव्हा तुझ्या जुन्या टेबलावरची वही मी चाळली. रागावू नकोस. तारीख, वेळ, 'एक्स-रे अडवला'. एका दिवसात एकोणीस वेळा. आणि चौथ्या पानावर, 'आजी कळवळून रडल्या. बंद केला.' मी असते तर पहिल्याच पानावर बंद केला असता.

त्या पानांचे फोटो मी ऑफिसात नेले. साहेबांनी आधी नाक मुरडलं, मग सगळी पानं वाचून काढली आणि होकार दिला. आम्ही दवाखान्यांतल्या, दुकानांतल्या फायली मागवून सगळी चाचणी पुन्हा केली. खोट्या ओरडीला आता पंचवीस गुण आहेत, आणि पहिला आलेला तुझा तो प्रोग्रॅम सातवा आलाय. लोक तुझ्या वहीमुळे शहाणपणाने निवडतील, आणि त्यांना तुझं नावही कळणार नाही.

लहानपणी आईची फुलदाणी मी फोडली होती, आठवतं? मार तू खाल्लास आणि मी पलंगाखाली दडून राहिले. तेव्हाचे आभारही राहिलेच आहेत. दोन्ही वेळचे आज मानते, अगदी मनापासून.

सोबत नवी यादी आहे. तिच्या खाली, आधीचे गुण चुकले होते आणि ते मी दिले होते, असं माझ्या सहीने छापलंय. दुसरा लिफाफा डॉक्टरांसाठी आहे. त्यात सगळं लिहिलंय, आणि तुला तुझं टेबल परत द्यावं अशी विनंतीही. तो मी मुद्दाम चिकटवला नाही, आधी तू वाच. मग त्यांच्या हातात दे. या वेळी तरी मला पाठीशी घालू नकोस.

पलंगाखालून बाहेर आलेली,
तुझीच ताई