एकशे सत्तावीसचा भागाकार

आप्पा, आज मी तुमच्यावर चिडून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, आता चिडून उपयोग नाही हे कळतं, तरी चिडले आहे. दुपारी अनगोळच्या माझ्या शाळेत एका मुलीनं फोनवर १२३४५६७ हा आकडा टाकला आणि पापणी लवायच्या आत उत्तर आलं, १२७ गुणिले ९७२१. "टीचर, एवढंच हुतं व्हय?" म्हणाली. एवढंच होतं. त्याच्यापायी माझी मे महिन्याची अख्खी सुट्टी गेली आणि तुम्हाला चारचौघांत मान खाली घालावी लागली.

हा आकडा तुमचा फार लाडका. सांबऱ्याच्या शाळेत दर जूनला पहिल्याच दिवशी तुम्ही तो फळ्यावर लिहायचात, एक ते सात ओळीनं, आणि हा कुणालाच फुटत नाही म्हणून सांगायचात. दोनपासून एकशे तेरापर्यंतच्या तीसही मूळ संख्यांनी तुम्ही तो भागून पाहिला होता, दर वेळी बाकी उरली होती. पण खात्री करायची तर त्याच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे अकराशे अकरापर्यंत जायला हवं. ते उरलेलं काम तुम्ही मला दिलंत. मी सातवीत होते. एकशे तेरानंतरच्या तेरा आकड्यांत एकही मूळ संख्या नाही, एकदम एकशे सत्तावीसच येते, म्हणून माझी सुरुवात तिथून.

स्वयंपाकघरात आईच्या शेजारी वही घेऊन बसायचे. शाळेच्या वहीत एक हातचा चुकला तरी तुम्ही पान फाडायचात. "नीट कर, न्हायतर करूच नको," एवढंच बोलायचात, मग मी अख्खं पान पुन्हा पहिल्यापासून लिहायचे. आणि हे दीडशेच्या वर भागाकार मात्र तुम्ही नुसते चाळलेत. पोरीनं शेवटाला नेलं म्हणून खूश होऊन मला शाईचं पेन आणलंत.

पुढं बेळगावात शिक्षकांच्या प्रशिक्षणात तुम्ही तोच आकडा मूळ संख्या म्हणून फळ्यावर लिहिलात. एक तरुण मास्तर उठला, त्यानं चार पायऱ्यांत एकशे सत्तावीसनं भागून दाखवला आणि सगळे हसले. तुम्ही म्हणालात, "व्हय, भागाकार माझाच चुकला." हे मला तुमच्या दहाव्याला तुमच्या जोडीच्या गुरुजींनी सांगितलं. तोवर मला एवढंच माहीत होतं की घरात त्या आकड्याचं नाव निघेनासं झालंय.

हातच्यावरून पान फाडणारा माणूस इतकं झाल्यावर मला एका शब्दानं विचारत नाही? संताप येतो मला. ओरडायचं होतंत. तुम्हाला वाटलं असेल, पोरीनं कंटाळा केला, मनानंच बाक्या लिहिल्या. तसं नव्हतं, आप्पा. मी सगळे भागाकार खरे केले.

हे पत्र कुठं टाकणार, वहीतच राहील, म्हणून लिहिते. एकशे सत्तावीसचाही केला होता. शेवटच्या पायरीला एकशे सत्तावीसखाली एकशे सत्तावीसच आले, बाकी शून्य. तीनदा करून बघितला. तुम्ही फुटत नाही म्हणाला होतात, म्हणजे चूक माझीच असणार. मी वरच्या पायरीच्या बाकीत बाराचे तेरा केले, एकशे सत्तावीसचे एकशे सदतीस झाले, आणि बाकी दहा लिहिली.