चाकामागचा दगड

चाचा, आपलं सायडिंग, कोळशाचे डबे भराची लाईन, उखडून राह्यले. तुमी जन्मभर सांभाळलेले रूळ गॅसनं कापून ट्रकात टाकतात, अन् माझं चित्त काही ठिकाणावर नाही.

साहेब म्हणे, तू सगळ्यात जुना, खाणीच्या पुस्तकासाठी सायडिंगचा इतिहास तूच सांग. सांगितला. पहिले एकच लाईन होती, बाया टोपल्यांनी डबे भरत. मंग दुसरी आली, तिसरी आली, भराले मशीन आली. आता सरकत्या पट्ट्यावरून कोळसा सरळ जातो, रूळ कोणाले पाहिजे! हे सारं तुमीच मले सांगितलं होतं, डब्याच्या सावलीत भाकर खाता खाता.

कापसाले भाव नव्हता म्हणून आर्णीकडचा तांडा सोडून मी इकडं वणीले रोजीवर आलो, तुमच्या हाताखाली. तिसऱ्याच दिवशी तुमी म्हणाले, "भरल्या डब्याचा ब्रेक आवळ, मी आलोच." मी काय केलं? जिनिंगच्या रांगेत कापसाच्या गाडीले लावतो, तसा चाकामागं चांगला मोठा दगड लावला अन् ऐटीत बिडी पेटवली. दगडाचा भुगा झाला. डबा उतारानं सुटला अन् शेवटचा अडसर तोडून मातीत घुसला. दहा पावलांवर बाया जेवत बसल्या होत्या. त्यांची ओरड अजून कानात आहे.

तुमी धावत येऊन माझी कॉलर धरली. "अबे, बैलगाडी समजला का याले? बैल सोडले अन् झालं?" एवढंच. अन् तेव्हाचे साहेब आले तर म्हणता, "ब्रेक माझ्याकडं होता." मी तोंड उघडलं, तर तुमी माझा पाय दाबला. मागून म्हणाले, "मले गेटवर बसवतीन. तुले तर हाकलूनच देतीन. मंग खाशील काय, कापूस?"

गेटवरच बसवलं तुमाले, रिटायर होईपर्यंत. डबे हलवाच्या इशाऱ्याची तुमची शिट्टी मले आणून दिली, वरून हसले. कायले हसले हो? मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परवा साहेबानं विचारलं, "तो डबा सुटला, तेव्हा ब्रेक कोणाकडं होता?" आता मी पर्मनंट, नोकरीचे दोन महिने उरले, मले कोण काय करणार होतं? तरी तुमचंच नाव सांगितलं, चाचा. त्यानं लिहून घेतलं.

पुस्तक अजून छापाले गेलं नाही. तुमी तर आता या जगात नाही, ही चिठ्ठी तुमाले पोहोचत नाही, पण साहेबाच्या टेबलावर ठेवली तरी पुरे. आज दोनदा हापिसच्या दारापर्यंत नेली. खिशातच आहे.