आबासाहेबांचा पासवर्ड

११ जानेवारी १९९९, राहाता

आले एकदाची. शिर्डीला निघालेल्या भरगच्च एसटीत काहीच मागायचं नसलेली मी एकटीच असेन. मला हवं ते मिळालं होतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी! पिंपरीच्या कारखान्यात मी उभं आयुष्य टेलेक्स चालवला. कारखाना बंद पडला तेव्हा साहेबांनी शाल दिली, युनियनने नारळ दिला. या दोन्हींवर पोरीचं शिक्षण होत नाही. प्रज्ञा पुण्यात वसतिगृहात राहून बी.एस्सी. करते. तिचे वडील ती पाचवीत असताना गेले. तेव्हापासून आम्ही दोघीच.

इथला द्राक्ष बागायतदारांचा संघ हॉलंडला माल पाठवतो. खाली पॅकहाउस, मागे शीतगृह, वर ऑफिस. बायका कात्रीने घड साफ करतात आणि त्यांची भांडणं खिडकीतून वर येतात. ऐकायला मजा वाटते. संगणक नवाकोरा आहे, त्यावर क्रोशाचं कव्हर. मोडेम इंटरनेटसाठी नाशिकला फोन लावताना शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखं केकाटतं. संघाचा ई-मेल सांभाळणं हे माझं काम. भाऊसाहेब म्हणजे इथले मॅनेजर. ते म्हणाले, बाई, तुमी आल्या, आमचं टेन्शन गेलं. इंग्रजी पत्र आलं की आमाला घामच फुटतो.

राहायला मागची खोली दिली आहे. दारात पेरूचं झाड. प्रज्ञाने कॉलेजातल्या संगणकावर स्वतःचा आणि माझा असे दोन फुकटातले पत्ते काढलेत, त्यामुळे आता रोज मेल. एसटीडी बूथवाल्याचं पोट यापुढे दुसऱ्या कुणी भरावं.

१३ जानेवारी

संघाचा मेलचा पत्ता आबासाहेबांच्या नावाचा आहे. आबासाहेब म्हणजे संघाचे संस्थापक. ते परवाच्या दिवाळीत वारले. ही बातमी हॉलंडला कुणी कळवलीच नाही. भाऊसाहेबांचं म्हणणं, गोरं गिऱ्हाईक आबांच्या शब्दावर माल घेतं, आबा गेले म्हणून सांगितलं तर कंटेनर बी गेला. म्हणून पत्रं आबांच्याच नावाने जातात आणि ती आता मी लिहायची. मी फार मनावर घेतलं नाही. आमचं पिंपरीचं व्यवस्थापनही शेवटची पाच वर्षं मेलेलंच होतं, सह्या तेवढ्या चालू होत्या.

पण दुपारी जे पाहिलं ते लिहून ठेवते, नाहीतर पुढे माझाच विश्वास बसणार नाही. आलेला प्रत्येक मेल कागदावर छापतात. जेवणं झाली की आबांच्या पत्नी पुष्पावतीबाई येतात, संघाच्या अध्यक्षा आता त्याच आहेत. आबांच्या तसबिरीच्या काचेवर शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या, मेल मोठ्याने वाचायचा आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवाला कौल लावतात हे मला माहीत होतं. खोक्याच्या मापासाठी मेलेल्या माणसाला लावतात हे नव्हतं. पाकळी वाळेपर्यंत सगळं ऑफिस पंखा बंद करून घाम पुसत बसतं. तिकडे तो डच बिचारा उत्तराची वाट बघतोय!

२१ जानेवारी

पासवर्ड म्हणजे आबांच्या बैलाचं नाव. ते पॅकहाउसच्या बायकांना माहीत आहे, चहावाल्याला माहीत आहे, आणि मला वाटतं बैलालाही माहीत असावं. जीपचा ड्रायव्हर सहादेव जेवणाच्या सुट्टीत खुशाल खुर्चीत बसतो आणि अनोळखी मेलला जोडून आलेली चित्रं उघडून बघतो.

आज मी नियमांचा कागद भिंतीवर लावला. पासवर्ड एकाच माणसाकडे राहील, अनोळखी माणसाचं काही उघडायचं नाही, आजच्या मेलला आजच उत्तर जाईल, पाठवण्याआधी दोनदा वाचायचं आणि खुर्चीतून उठताना खातं बंद करायचं. टेलेक्सवर निरोप देण्याआधी पलीकडचं यंत्र स्वतःचं नाव छापून सांगायचं, की होय, मीच आहे. इथे ती सोय नाही. इथे ज्याच्याकडे पासवर्ड तोच मालक, हे मी सगळ्यांना घसा कोरडा करून समजावलं. भाऊसाहेब म्हणाले, लई भारी, आणि कागद भिंतीवरून काढून तसबिरीपुढे ठेवला. डावी पाकळी पडली.

नियम रद्द! मी रागाने लाल. तेवढ्यात सहादेव दारातून म्हणतो, आबा, चहा घेता का? मी आबांच्या नावाने लिहिते म्हणून ही नवी थट्टा. सगळे हसले. मग मीही हसले, काय करणार?

३ फेब्रुवारी

हंगाम ऐन भरात आहे. हॉलंडहून तातडीचा मेल आला. फवारणीच्या औषधांचा तपासणी अहवाल आजच कळवा, नाहीतर माल बंदरातच थांबेल. अहवाल माझ्या हातात होता. दोन ओळींचं काम! पण कौल हवा. पाकळ्या चिकटवल्या आणि आज एकही पडेना. भाऊसाहेब, पुष्पावतीबाई, सहादेव, तिघं काचेकडे टक लावून बसलेले. दुपार सरली, ऊन भिंतीवर चढलं.

माझं डोकं फिरलं. मी पाकळ्या ओरबाडून खिडकीबाहेर फेकल्या आणि तसबिरीवर ओरडले, एवढं कळतं ना तुम्हाला, मग बसा की या खुर्चीत आणि द्या तुमची उत्तरं तुम्हीच!

वाटलं, आता नोकरी गेली. पण पुष्पावतीबाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला हात जोडले. म्हणाल्या, बोलावलंत व्हय बाई? लई बरं केलंत. आमी नुसतं इचारत बसलो, या म्हनायचं कुनाला सुचलंच न्हाई.

अहवाल मी पाठवून दिला. जाताना पुष्पावतीबाई माझ्या खुर्चीवरची धूळ पदराने पुसून गेल्या.

६ फेब्रुवारी

हॉलंडचा आभाराचा मेल. दोन्ही पत्रं मिळाली म्हणतो. मी एकच लिहिलं होतं. पाठवलेल्या मेलमध्ये शोधलं तर दुसरंही सापडलं. त्यात त्या माणसाच्या म्हाताऱ्या कुत्र्याची नावानिशी चौकशी आहे, त्याच्या अंगणातल्या चेरीच्या झाडाची आठवण आहे. आबा एकदा त्याच्या घरी जाऊन आले होते. इथलं दुसरं कुणीही गेलेलं नाही.

मी भाऊसाहेबांना धारेवर धरलं. दुसऱ्याच्या नावाने पत्रं लिहायचा एवढा शौक असेल तर मला पगार कशाला देता, असं तोंडावर विचारलं. ते शांतपणे म्हणाले, मला कुठलं इंग्रजी येतंय बाई. सहादेवला विचारलं तर त्याने आईची शपथ घेतली. चोर ते चोर आणि वर गरीब गाय!

पासवर्ड बदलला. दाराकडे पाठ करून, एका हाताने झाकून टाइप केला. कुठे लिहिला नाही, कुणाला सांगितला नाही. आता बघू.

८ फेब्रुवारी

आणखी तीन पत्रं गेली. सगळी चांगली आहेत, हेच झोंबतं. भाव माझ्यापेक्षा बरा मागितलाय, आणि मिळालाय.

मोडेमची वायर उपटून ट्रंकेत घातली, कुलूप लावलं. खुर्चीत कुणी नव्हतं, संगणकाचा पडदा काळा होता. आणि भर दुपारी, चहाच्या वेळी, सगळ्यांच्या देखत मोडेम केकाटलं. मी सोडून कुणीही वळून बघितलं नाही.

पुष्पावतीबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. माझे हात हातात घेऊन उलटसुलट बघितले, बाजारात भेंडी बघावी तसे. म्हणाल्या, ह्यांना हात लागत्यात बाई. तुमचे जरा थकलेत. लेक हाय ना तुमाला?

मी हात हिसकावून घेतले. माझ्या पोरीचं नाव पुन्हा काढाल तर याद राखा, असं म्हटलं. त्या म्हणाल्या, नाव मी कुठं काढलं? ते तर ह्यांनीच सांगितलं.

९ फेब्रुवारी

बाजारपेठेतल्या संगणकाच्या क्लासमध्ये जाऊन तिथून प्रज्ञाचा मेल उघडला. ती कॉलेज सोडतेय! लिहिते, आई, तू म्हणतेस तसंच करते, शनिवारी येते.

मी म्हणते तसं? माझ्या पत्त्यावरून तिला पत्रं गेली आहेत. संघाच्या नाही, माझ्या स्वतःच्या. तिला मी रागात प्रज्ञे शहाणे म्हणते, तेही त्यात आहे. माझे टोमणे, माझी चेष्टा, सगळं माझंच. फक्त मी लिहिलेलं नाही. त्यात म्हटलंय, माझे हात चालत नाहीत, तुझं शिक्षण पुरे झालं, ये आणि माझ्या खुर्चीत बस, संघ तुला नोकरी देतो.

लगेच लिहिलं तिला. येऊ नको. ते मी नाही. येऊ नको.

पाठवलेल्यात बघितलं. माझं पत्र गेलं होतं. त्यात लिहिलं होतं, लवकर ये.

११ फेब्रुवारी

एसटीडी बूथ. वसतिगृहात फोन लावला, तिला बोलावून घेतलं. प्रज्ञा फोनवर आली, पण आवाज परका. म्हणाली, आईने कळवलंय की तिच्या आवाजात एक बाई फोन करेल, ऐकू नको.

अगं, मीच तुझी आई! काहीही विचार मला. तिने विचारलं, बाबा गेले त्या रात्री आपण काय खाल्लं? शेजारच्या गीताबाईंनी आणलेला दूधभात, आणि तू माझाही खाल्लास, मी म्हणाले.

ती रडायला लागली. म्हणाली, हेही मेलमध्ये आहे. त्या बाईला दूधभाताचंसुद्धा माहीत असेल म्हणून.

फोन ठेवला तिने. बूथवाला म्हणाला, आबा, पैसे ऱ्हाऊ द्या.

१२ फेब्रुवारी

पुण्याला जायचं. तिला समोर जाऊन धरायचं — दुसरा उपाय नाही. सकाळीच स्टँडवर गेले. गाडीत चढले. कंडक्टर उभा राहिला. म्हणाला, आबासाहेब, तुमी यस्टीनं? जीप कुठं गेली? मधी काय बाय ऐकलं व्हतं तुमच्याबद्दल. बरं हाय ना आता?

मी ओरडले, माझं नाव भारती! डोळे फुटले का सगळ्यांचे?

लोकांनी जागा दिली. एक म्हातारा पाया पडला. मी स्वतःचे हात बघितले — बांगड्या आहेत, माझ्याच आहेत. मग यांना दिसत कशा नाहीत?

कंडक्टरने घंटी दिली नाही. सहादेव मागून जीप घेऊन आलाच होता. त्याने मला हाताला धरून उतरवलं. किती अदबीने — थट्टा नाही आता, तोंडावर हसू नाही. त्याच्या मुस्काटात मारली. तो म्हणाला, मारा आबा, तुमचा हक्कच हाय.

खोलीत आणून सोडलं. दाराबाहेर खुर्ची टाकून बसलाय.

१३ फेब्रुवारी, सकाळ

आवाजही गेला. ओरडले तर खोल, पुरुषी — खाली बायका भांडण थांबवून उभ्या राहिल्या. आबा बोलले म्हणतात.

अक्षर अजून माझं आहे. वही माझी आहे. ही तिला दाखवायची. प्रज्ञा माझं अक्षर ओळखते. तेवढं एकच — बाकी काही नको —

दुपार

ऑफिसात आणून बसवलंय. तसबिरीखाली. भाऊसाहेब विचारतात, आबा, पाणी? थुंकले त्यांच्या अंगावर. त्यांनी पुसलं, हसले.

जिन्यावर पावलं. तिचीच —

आली. किती वाळलीय. माझ्याकडे बघितलं. वाकली. पाया पडली माझ्या. म्हणाली, नमस्कार आबासाहेब. मी भारतीबाईंची मुलगी. आई कुठंय?

तोंड उघडत नाही मी. बोलले तर तो आवाज. लिहितेय फक्त. प्रज्ञे, इकडे बघ, वही बघ —

बघत नाही. भाऊसाहेबांनी खुर्ची ओढून दिली. पासवर्ड सांगितला — मी कुणालाही न सांगितलेला. आईलाच विचारते म्हणाली, आणि बसली. बोटं किती भराभर — तरणी बोटं — पुष्पावतीबाई तिच्या केसांवरून हात फिरवतात —

उत्तर आलं. वाचतेय. हसली, रडली. आई वाटेत आहे, संध्याकाळी पोचते असं लिहिलंय, ती सांगते सगळ्यांना.

उठले मी. वही पुढे धरलीय. अजून लिहितेय, तिच्या डोळ्यांदेखत, माझं अक्षर उमटताना दिसू दे तिला. प्रज्ञे, शहाणे, हे बघ. बघ —

बघतेय. वाचतेय. थांबली. ओठ हलले. आई म्हणाली का? म्हणाली —

मोडेम. दुसरा मेल. वळू नको. वळू नको गं —

वळली. वाचून झालं. चेहरा बदलला. माझ्याकडे येतेय, हळू, आजारी माणसाजवळ जावं तशी. म्हणते, आईने लिहिलंय, आबांना माझं अक्षर काढायची खोड लागलीय. रागावू नको त्यांना. त्यांच्या हातातलं पेन तेवढं हळूच काढून घे आणि