कुल्लूचा बेत

उदगीर,
मंगळवार

चि. अक्षरा,

आईचे आशीर्वाद. काल फोनवर तू रागावलीस. पाच दिवसांत कुल्लू, नग्गर, मनाली असा बेत तू हौसेनं आखलास, अन् मी म्हणाले, "तुझ्या अप्पांना थंडी सोसत न्हाई." ते खोटं हाय.

अप्पांना आता आठवत न्हाई, पोरी. वर्ष झालं, मी झाकून ठेवलं. जागा बदलली की ते घाबरतात, अन् तुझ्या बेतात तर रोज नवी खोली हाय.

मागच्या महिन्यात लातूरच्या बसस्थानकावर मी पाण्याची बाटली आणायला गेले, तेवढ्यात ते उठून कुठंतरी गेले. शोधायचं सोडून मी बाकड्यावर बसून राहिले. चांगली दहा मिनिटं. "कुठं आलो गं आपण?" असं कुणी विचारत नव्हतं. मला लई बरं वाटलं, अक्षरा. मग रडत पळाले. अप्पा भोकरच्या गाडीत खिडकीपाशी सापडले. मलाच विचारतात, "बाई, माझी बायको दिसली का कुठं?"

"हाव, दिसली," मी म्हणाले, अन् हात धरून त्यांना खाली उतरवलं.

मला ते बर्फाचे डोंगर बघायचेत. एकाच गावात खोली घे, अन् एक दुपार अप्पांपाशी तू बस. मी नदीकाठी एकटी जाते. परत येईन, नक्की येईन.

हे तुला पाठवायचा धीर होत न्हाई. तिकिटं अजून रद्द केली न्हाईस ना, एवढंच फोनवर विचारीन.

तुझी,
आई